होळीपर्यंतची रेघ

हेमाली तामोरेच्या शाळेत दोन हजेऱ्या होत्या. एक कागदाची, एक फोनातली. कागदाची खरी होती आणि तिला कुत्रं विचारत नव्हतं. फोनातली खोटी होती आणि तिच्यावर सगळा जिल्हा चालला होता.

शाळा कुंभवलीच्या पुढे, पाड्यावर. पहिली ते आठवी, साठेक पोरं, दोन शिक्षक. त्यातले दिपेश सर कायम कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणावर, म्हणजे धरून चालायचं एकच. शाळेच्या एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीची भिंत. वारा कुठून येतो त्यावर शाळेत त्या दिवशी कसला वास येणार ते ठरायचं. पोरांनी वासांना नावं ठेवली होती. "बाई, आज म्हातारा आलाय," म्हणजे कुजक्या अंड्यांचा. "आज नवरी आलीय," म्हणजे गोड, डोकं उठवणारा. आणि जमीन हादरली की पोरं पैज लावायची, भूकंप की कंपनी? त्या भागात दोन्ही होतात. भूकंप असेल तर भांडी वाजतात, कंपनी असेल तर आधी काचा. पहिलीतल्या पोरालाही फरक कळायचा.

हेमाली रोज चिंचणीहून यायची. घर मच्छीमाराचं, सासू गोदूबाई अजून बोंबील वाळवून बाजारात बसायची. पाड्यावरचं जगणं हेमालीला शिकवलं ते आधीच्या मास्तरांनी, अण्णांनी. निवृत्त होताना त्यांनी हजेरीपट हातात दिला आणि एकच गोष्ट सांगितली. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी गुजरातच्या बोटींवर खलाशी, आणि पोरं आईबापामागे. पण होळीला सगळी परत येतात. कुठेही असोत, होळी पाड्यावरच. म्हणून पोर गेलं की त्याचं नाव कापायचं नाही. गेल्या दिवसापासून चौकटींवरून पेन्सिलीची बारीक रेघ ओढायची, आणि रेघेच्या टोकाला लिहायचं, 'होळी'.

"नाव कापलं की पोर परत येत नाही," अण्णा म्हणाले होते. "रेघ मारली की येतं. तपासणीला कुणी विचारलं तर सांग, अण्णाची खोड आहे."

पंधरा वर्षं हेमालीने रेघा ओढल्या. मग पटमित्र आलं.

पटमित्र म्हणजे हजेरीचं ॲप. शिक्षकाच्याच फोनवर, शिक्षकाच्याच नेटवर. ते बनवणाऱ्याने पाडा पाहिला नव्हता, शाळाही पाहिली असेल की नाही देव जाणे. त्यात तीन बटणं होती. हजर, गैरहजर, शाळा सोडली. होळीचं बटण नव्हतं. सलग तीस दिवस गैरहजर दिसलं की ॲप कुणाला न विचारता पोराला उचलून 'गळती' नावाच्या खोक्यात टाकायचं. रोज सकाळी हेमाली शाळेच्या टाकीच्या शिडीवर चढायची, कारण रेंज तिसऱ्या पायरीच्या वरच. चक्री फिरत राहायची. 'सर्व्हर व्यस्त आहे.' पुन्हा दाब. 'ओटीपी टाका.' ओटीपी यायचा दुपारी. आणि नशिबाने नोंद लागलीच तर हिरव्या पट्टीत अक्षरं उमटायची. 'विद्यार्थी यशस्वीरीत्या हजर झाला आहे.' कुणी लिहिलं असेल हे मराठी? लग्नाला हजर होतं कुणी, कोर्टात होतं. साठ पोरं रोज यशस्वीरीत्या हजर होत होती.

पहिल्या वर्षी हेमालीने ॲपात खरं तेच भरलं. चिंधू खलाशाचा रूपेश सहावीत होता. बापामागे बोटींवर गेला, तीस दिवस भरले, गळतीत गेला. होळीला परत आला, नवा शर्ट घालून शाळेत आला. हेमालीने नाव शोधलं. ॲप म्हणालं, 'हा विद्यार्थी अस्तित्वात नाही.'

रूपेशने फोनात डोकावून वाचलं आणि हसला. "बाई, मी नाय?"

त्याला परत घ्यायचं तर आधीच्या शाळेची परवानगी लागत होती. आधीची शाळा हीच. आणि ज्या शाळेने सोडला त्याच शाळेला पोर परत घेता येत नव्हतं, ॲपात तशी सोयच नव्हती. हेमालीने टोल फ्रीवर तक्रार केली. चार दिवसांनी मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' खोक्यात रूपेश तसाच. पटावर नाव नाही म्हणून खिचडीच्या आकड्यात नाही, परीक्षेच्या यादीत नाही. हेमाली त्याला आपल्या डब्यातलं वाढायची. तो भिंतीकडेला बसायचा, पेपर लिहायचा, ते मार्क कुठेच चढायचे नाहीत. पोराला कळतं ते. जूनमध्ये तो आलाच नाही. ॲपने म्हटलं होतं गळला, आणि गळला.

मग केंद्राच्या मीटिंगमध्ये केंद्रप्रमुख कमलाकांत सरांनी उपाय सांगितला. दहा-बारा शाळांचे मास्तर समोर बसलेले. सरांनी दार लोटून घेतलं.

"एकोणतिसाव्या दिवशी एक हजर मारायची. मोजणी पुन्हा एकपासून सुरू. पोर होळीपर्यंत पटावर राहतं, शाळा लाल दिसत नाही, वरून फोन येत नाहीत. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका."

सगळे हसले. हेमालीही हसली. आणि सगळ्यांनी तेच सुरू केलं. जिल्ह्याचा आकडा सुधारला, तेव्हा वरच्यांचा कुठेतरी सत्कारही झाला म्हणतात.

दीपा आठवीत होती. तानीची मुलगी. बाप बोटीवर, आई दुसऱ्याच्या वाडीत मोलाने. फळ्यावर तारीख लिहायचं काम दीपाचं, आणि हेमालीबाई शिडीवर चढली की शिडी धरायचं कामही दीपाचं. नेट अडलं की ती खालून ओरडायची, "बाई, विमान दाबा! विमान दाबून सोडा!" आणि खरंच नेट यायचं. ॲप बनवणाऱ्यांपेक्षा त्या पोरीला त्याच्यातलं जास्त कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. हेमाली घरी गेली. तानी लाकडं फोडत होती.

"कंपनीत जाते बाई. पॅकिंगला. चार पोरी जातात, टेंपो येतो न्यायाला."

"चौदा वर्षांची आहे ती. तिथं काय काय असतं माहीत आहे ना तुला?"

"मला काय म्हायती? आत मला कोन सोडते?" तानीने कुऱ्हाड खाली ठेवली. "होळीपर्यंत बाई. होळीला तिचा बाप येल, मग नाय धाडायची. आमी काय हौसेनं धाडतो?"

दीपा दारात उभी होती. हाताला पांढरी भुकटी लागली होती, ती परकराला पुसत होती. "बाई, माझी रेघ लांब नका मारू हां. मी होळीच्या आधीच येन. नववीला बोईसरच्या शाळेत जायचाय मला."

हेमाली रागावली, समजावलं, निघून आली. पुढे काही केलं नाही. पोलिसात जायला हवं होतं, बालकामगारवाल्यांना फोन करायला हवा होता, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण पाड्यावरच्या चार घरांशी वैर घेऊन शाळा चालत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. हजेरीपटावर दीपाच्या नावापुढे पेन्सिलीची रेघ ओढली. आणि एकोणतिसावा दिवस कधी येतो ते कॅलेंडरवर मोजून ठेवलं. अठरा डिसेंबर, बुधवार.

त्या बुधवारी अकरा वाजून गेले होते. हेमाली शिडीवर. चक्री फिरत होती. तिने दीपाच्या नावापुढे 'हजर' दाबलं. अडलं. विमान दाबलं, सोडलं. पुन्हा 'हजर'. त्याच वेळी काचा वाजल्या. मग जमीन. मग तो आवाज, पोटात शिरणारा.

वर्गातून पोरं ओरडली, "कंपनी! कंपनी! मी जिकलो!"

भिंतीपलीकडे दोन-तीन प्लॉट सोडून पिवळट धूर वर चढत होता. हेमालीने शिडी घट्ट धरली. फोन हातात थरथरला. हिरवी पट्टी आली.

'विद्यार्थी यशस्वीरीत्या हजर झाला आहे. ११:०७.'

तिने पोरांना वर्गात कोंडून खिडक्या लावून घेतल्या. दोन वाजता घरी सोडलं. दीपाचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. एमआयडीसीत हजार कंपन्या, असंही तिने स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगायला माणसाकडे नेहमी काही ना काही असतं.

दीपा शुक्रवारी गेली. रिॲक्टर फुटला तेव्हा ती शेजारच्या शेडमध्ये पिशव्या शिवत होती. ठेकेदाराच्या टेंपोने तिला दवाखान्यात आणून टाकलं आणि टेंपो गेला. बाकी तीन पोरी घरी परतल्या आणि त्यांच्या घरांची दारं लागली. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, घरी स्टोव्हचा भडका उडून भाजली.

"स्टो?" तानी ज्याला त्याला धरून विचारत होती. "माझ्या घरी स्टो हाय कुठं? चूल हाय! येऊन बघा ना!"

ठेकेदाराचा माणूस दवाखान्याच्या दारात उभा होता, तंबाखू मळत. "देखो माई, बच्ची हमारी नहीं है। रास्ते में मिली, इंसानियत के नाते पहुँचा दी। अब तुम हमको ही पकड़ोगी?"

कंपनीने सांगितलं, दोन कामगार गेले, दोघे सज्ञान, दोघे नोंदीतले. मुलगी बिलगी आमच्याकडे नाही.

सोमवारी फौजदार शाळेत आला. मागोमाग तानी, चालत. फौजदाराच्या हातात छापील कागद होता, तालुक्याच्या ऑफिसातून काढून आणलेला.

"बाई, ही नोंद तुमची?"

हेमालीने वाचलं. इयत्ता आठवी. दीपा. १८ डिसेंबर. हजर. ११:०७.

"हो."

"स्फोट अकरा वाजून सात-आठ मिनिटांनी. म्हणजे तेव्हा मुलगी इथं होती."

खोटी नोंद म्हणजे निलंबन. वीस वर्षांची नोकरी. आणि एकटी तीच नव्हे, दहा-बारा शाळांचे मास्तर, जिल्ह्याचा आकडा, सगळं त्या एका ओळीला टांगलेलं.

"नोंद माझी आहे," ती म्हणाली.

"बस, तेवढंच हवंय." त्याने लिहून घेतलं. "सही करा."

तिने सही केली. तानी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती म्हणाली, "बाई, तुमी तर बोलावाला आलत्या ना घरी?"

फौजदाराने मान वर केली. "काय म्हणाली ही?"

हेमालीने त्याचं पेन परत केलं. तानी निघून गेली.

त्या संध्याकाळी हेमालीने ॲप उघडून अठरा तारखेवर बोट ठेवलं. हजरचं गैरहजर करायचं होतं. एक बटण. 'मागील तारखेत बदल करण्याची परवानगी नाही.' पुन्हा दाबलं. विमान दाबलं, सोडलं. 'परवानगी नाही.' टोल फ्रीवर पोरगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, गैरहजरचं हजर करता येतं, वरिष्ठांच्या लॉगिनने. हजरचं गैरहजर करायची सुविधा दिलेलीच नाही." का दिली नाही? कारण तसं कुणाला हवंच नव्हतं. आकडा चढायला शिडी होती, उतरायला नव्हती.

गोदूबाई ओटीवर सुकटीतला कचरा निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग सांग की खरां."

"आई, पगार जाईल."

"खरां सांगाला पगार लागत नाय गो. गप बसाला लागते."

दुसऱ्या दिवशी हेमालीने हजेरीपट उघडला. डिसेंबरचं पान. दीपाच्या नावापुढे चौकटींवरून गेलेली पेन्सिलीची रेघ, अठरा तारखेवरूनही गेलेली, टोकाला 'होळी'. फोन काहीही म्हणो, कागदाने खोटं बोललेलं नव्हतं. पण पेन्सिल होती. कुणीही खोडरबराने दोन हात मारले की गेली. तिने निळं पेन घेतलं आणि पट्टी लावून रेघ गिरवली. सावकाश, चौकटीमागून चौकट. मग खाली सही, तारीख. 'मूळ पेन्सिलीची नोंद आज शाईने गिरवली.'

बरं झालं गिरवली. कारण दुपारीच कमलाकांत सर मोटरसायकलवरून उतरले.

"हजेरीपट द्या बाई. तपासणीला हवाय."

"कोणाच्या?"

"असं काय विचारता? माझ्याच." त्यांनी पान उलटलं, शाई पाहिली आणि खुर्चीत बसले. "हे काय? खाडाखोड?"

"खाडाखोड नाही सर. गिरवलंय. पहिलीच्या पोरांना आपण तेच शिकवतो."

"हे तुमच्यावरच उलटेल."

"उलटायलाच हवंय."

सरांनी रुमालाने मान पुसली. आवाज खाली आणला. "हे बघा, पोरगी गेली. वाईट झालं. माझ्या नातीएवढी. पण ती परत येणाराय का? गप राहा, तुम्हाला धक्का लागत नाही, मी आहे. मला पाच महिने राहिलेत हो निवृत्तीला."

"सर, तुमचं नाव मी कुठे घालणार नाही."

त्यांचा चेहरा सैल पडला. "उपकार होतील."

"उपकार नाहीत. तुमचं नाव घातलं की दहा शाळांची चौकशी लागेल आणि ती तुमच्या निवृत्तीपर्यंत पुरेल. मला आदेश लवकर हवाय."

"कसला आदेश?"

"माझ्या निलंबनाचा."

सरांनी हजेरीपट मिटून टेबलावर ठेवला. बाईला वेड लागलं असं त्यांना वाटलं असणार. पण हेमालीने सकाळपासून हिशोब घातला होता. फौजदार आता तिचा नवा जबाब घ्यायला तयार नव्हता, सकाळीच जाऊन आली होती ती. "सिस्टिममध्ये हजर आहे बाई, तुमची सही आहे, आता तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." वहीला कुणी हात लावत नव्हतं. तानीला कुणी खुर्ची देत नव्हतं. मग दीपा शाळेत नव्हती असं लिहिलेला सरकारी कागद निघणार कुठून? एकाच वाटेने. खोटी हजेरी लावली म्हणून बाईला शिक्षा झाली तर. शिक्षा करायची तर गुन्हा लिहावा लागतो. आणि गुन्हा लिहायचा तर लिहावं लागतं की पोरगी त्या दिवशी, त्या वेळी, शाळेत नव्हती.

तिने कबुली लिहिली. अर्धं पान. मी, अमुक शाळेची शिक्षिका, अठरा डिसेंबरला दीपा शाळेत नसताना, ती महिनाभर कंपनीत कामाला जात असल्याचं मला माहीत असताना, तिची हजेरी लावली. सोबत हजेरीपटाच्या पानाची झेरॉक्स. पाच ठिकाणी रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पोच जपून ठेवली.

पहिला आदेश जानेवारीत आला. 'कामात हलगर्जीपणा केल्याबद्दल सक्त ताकीद.' दीपाचं नाव नाही, तारीख नाही. हलगर्जीपणा! हेमाली तो घेऊन पालघरला गेली, जिल्ह्याच्या ऑफिसात. साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी गेली. बाहेरच्या बाकावर बसून डबा खाल्ला. शिपाई म्हणाला, "बाई, लोक इथं निलंबन रद्द करायला येतात. तुम्ही कुठल्या हो?"

चौथ्या दिवशी साहेबांनी आत घेतलं.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मी केलं तेवढंच लिहा. कमी नको."

"अहो, ताकिदीवर सुटलात, घरी जा."

"साहेब, खोट्या हजेरीला ताकीद असते असं एकदा ठरलं की सगळेच मागतील. उद्या पेपरवाले विचारतील, बाईने पाच रजिस्टर पाठवली, तुम्ही काय केलंत?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते भ्यायले कशाला, पोरीला नव्हे, पाच पोचपावत्यांना. सरकारात मेलेल्या माणसाला कुणी भीत नाही.

आदेश होळीच्या तीन दिवस आधी आला. पाड्यावर माणसं परतायला लागली होती. ट्रॅक्टर भरभरून, डोक्यावर बोचकी, कोंबड्या, नवे मोबाईल. दीपाचा बापही आला होता, बोटीवरच कळलं होतं त्याला. हेमाली पाड्यावर गेली तेव्हा तो ओट्याच्या कडेला बसून पायाच्या नखाकडे बघत होता. तो उठला नाही. त्याने उठावं असं हेमालीलाही वाटलं नाही.

तिने कागद तानीपुढे धरला. "हे जप. चांगलं प्लास्टिकमध्ये घालून ठेव. याच्यावर शिक्का आहे."

तानीने कागद घेतला, उलटा होता, तो सुलट केला नाही. "काय लिवलाय?"

"मला निलंबित केलंय."

"ता तुमचा. माझ्या पोरीचा काय लिवलाय?"

हेमालीने वाचून दाखवलं. सरकारी मराठी, पण तिने एकही शब्द गाळला नाही. दिनांक अठरा डिसेंबर रोजी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी, सदर विद्यार्थिनी शाळेत उपस्थित नसताना व ती औद्योगिक आस्थापनेत कामास असल्याचे ज्ञात असताना, शिक्षिकेने तिची खोटी उपस्थिती नोंदविली, हे सिद्ध झाले आहे.

"म्हणजे?"

"म्हणजे दीपा शाळेत नव्हती. कंपनीत होती. सरकारने मान्य केलं. आता वकील बघू, कोर्टात हा लावू."

तानी हसली. वाईट हसली, दात दिसले नुसते. "ता मी पयल्या दिवसापासून बोलतंय. माझ्यावर शिक्का नव्हता ना." तिने कागदाची घडी केली, छातीशी खोचली. "आनि बाई, त्या दिवशी तुमी हे बोलल्या असत्या पोलिसाला, तर?"

हेमालीने रिकामं पाकीट घडी करून पिशवीत ठेवलं.

"जा तुमी," तानी म्हणाली. "वकिलाकडं कधी जायचा ता सांगा. मी येन. पन आता जा."

वाटेत शाळा लागली. पोरं गोवऱ्या आणि लाकडं गोळा करत होती. टाकीची शिडी भिंतीला टेकलेली होती, धरायला कुणी नव्हतं. हेमालीने फोन काढला. लॉगिन अजून बंद केलं नव्हतं कुणी, तेवढंही धड जमत नव्हतं त्यांना. ती तिसऱ्या पायरीवर चढली. इयत्ता आठवी उघडली. तिच्या कबुलीनंतर ॲपातली हजेरी दिपेश सरांकडे गेली होती. एकोणतीस दिवसांची मोजणी त्यांनी चालू ठेवली असावी, न बघता, यादीतल्या सगळ्यांची.

दीपाच्या नावापुढे हिरवी खूण होती. आजची.